बंबापुरतं ठेवून बाकी उचला

पांढरा कोळसा पांढरा नसतो, आणि तो कोळसाही नसतो. हे एवढं समजावून सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली. रंगानं तो तपकिरी, मनगटापेक्षा जाड, गोल गोल ओंडक्यासारखा. शेतातला आणि लाकडाच्या वखारीतला कचरा आणायचा, दळायचा, वाळवायचा आणि यंत्रात घालून इतका दाबायचा की त्याचे कण आपापसातली भांडणं विसरून एकमेकांना चिकटून बसतात. डिंक नाही, गोंद नाही, नुसता दाब. सरकारी कचेरीतही हीच पद्धत चालते, फक्त तिथे जे बाहेर पडतं ते जळत नाही.

हा माल कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जातो. दगडी कोळशाऐवजी हा जाळला की मालक लोक गेटवर हिरव्या पानाचं चित्र काढून घेतात. त्यासाठी लागणारा कचरा गावोगाव फिरून विकत आणायचा, ही माझी नोकरी. हुद्दा होता ‘कच्चा माल खरेदी अधिकारी’. त्यातला ‘कच्चा’ शब्द आमची ही चारचौघांत गाळून टाकायची.

आम्ही राहतो नाशिक रोडला. कॉलनीतलं एकाआड एक घर नोटांच्या छापखान्यात नोकरीला. शेजारचे गायकवाड संध्याकाळी फाटकाला टेकून मला म्हणायचे, “जाधव, आम्ही कागदाचे पैसे करतो आणि तुम्ही पैशाचा कचरा आणता.” मी हसायचो. करणार काय? माझ्या शर्टाच्या खिशातून खरोखरच भुसा पडायचा आणि त्यांच्या खिशातून काही पडत नसे, कारण त्यांची गेटवर झडती व्हायची.

या धंद्याचा शत्रू एकच, पाणी. ओला माल यंत्रात गेला की आत वाफ कोंडते आणि यंत्र तोंडातून फटाके फोडतं. त्यामुळे ट्रॉली काट्यावर आली की पहिलं काम म्हणजे बाही वर करून हात खांद्यापर्यंत आत खुपसायचा. वरचा माल सगळ्यांचाच कोरडा असतो, माणसाची नियत आत कळते. एका बहाद्दराच्या ट्रॉलीत हात घातला तर आतून काहीतरी ओलं, ऊबदार आणि हलणारं लागलं. मी किंचाळलोच. ओढून काढलं तर शेळीचं करडू. सोयाबीनच्या भुशात झोप लागली असताना भरलं गेलं होतं बिचारं. त्याचा मालक फटफटीवरून धावत आला, करडू काखेत मारलं आणि जाता जाता मला म्हणाला, “वजन झालंय ना याचं? मग भुशाच्या भावानं धरा.” मी धरलं नाही. पण काट्यानं धरलं होतं, आणि ते आमच्या कारखान्याच्या शेठना कधीच कळलं नाही.

असो. सांगायचं आहे ते वेगळंच.

माझ्या नोकरीचा कणा म्हणजे सटाण्याचे रशीदभाई. त्यांना लोक भुसेवाले म्हणत. त्यांचे वडीलही हाच धंदा करत, तेव्हा माल मालेगावात सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या भट्ट्यांना जायचा. देवळा, सटाणा या पट्ट्यात मका अफाट. मका निघाला की मळणी यंत्र शेतात येतं, दाणे एकीकडे, बुरकुंडं एकीकडे. बुरकुंड म्हणजे दाणे काढून घेतल्यावर उरलेला कणसाचा दांडा. हलका, कोरडा, आमच्यासाठी सोन्यासारखा. शेतकऱ्याला मात्र तो ढीग तिथून लगेच हलायला हवा असतो, कारण त्याच रानात कांदा लावायचा असतो आणि कांद्याचं रोप वाट बघत नाही. रशीदभाईंचे ट्रॅक्टर मळणी यंत्राच्या मागेमागेच फिरत. सकाळी मळणी झाली की संध्याकाळी खळं साफ. ताडपत्री त्यांची, बारदान त्यांचं, माणसं त्यांची.

उचलण्याआधी एक रीत होती. ट्रॉली मागे लावली की रशीदभाई स्वतः उतरायचे आणि घरच्या बाईला हाक मारायचे, “भाभी, बंबापुरतं सांगा.” मग ती माउली येऊन ढिगावर पायानं रेघ ओढायची. रेघेअलीकडचं तिच्या अंघोळीच्या पाण्याच्या बंबाला, चुलीला. रेघेपलीकडचं आमचं. ही रेघ कुठे ओढायची यावर रशीदभाई कधी शब्द बोलत नसत. मी एकदा विचारलं, एखादीनं अर्ध्या ढिगावर ओढली तर? ते म्हणाले, “साहब, जिसके घर का चूल्हा ठंडा, उसके खेत में दुबारा कैसे जाऊंगा?” मग मराठीत म्हणाले, “आणि आजपर्यंत कुणी ओढली नाही.”

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मंच आला.

त्याचं पूर्ण नाव होतं ‘शाश्वत जैवऊर्जा आणि जैवभार पुरवठा साखळी तज्ज्ञ सहयोग मंच’. नाव वाचून होईपर्यंत चहा निवायचा. मी आयुष्यभर ज्याला कचरा म्हणत आलो त्याला जैवभार म्हणतात, हे मला कळलं तेव्हा माझी निवृत्ती तोंडावर आली होती. मंचाचे संयोजक डॉ. सबनीस पुण्याचे. अतिशय सज्जन माणूस, कुणाचंही बोलणं मध्ये तोडायचे नाहीत, कारण ऐकतच नसत. त्यांच्यासोबत युरोपातले एक उंच तज्ज्ञ, योहानसाहेब. हे साहेब मंचाला पैसे देणाऱ्यांच्या वतीनं अधूनमधून येऊन प्रकल्प पास की नापास ते ठरवणार होते.

आमच्या शेठना मंचात रस होता तो प्रमाणपत्रासाठी. परदेशी गिऱ्हाइकं असलेल्या औषध कारखान्यांना आता प्रमाणित इंधन लागतं. साधं इंधन जाळलं तरी धूर तेवढाच येतो, पण प्रमाणपत्र नसलं की पाप लागतं. म्हणून शेठनी मला मंचावर ‘स्थानिक भागीदार’ म्हणून पाठवलं. माझ्या गळ्यात फोटोसकट पट्टा आला. गायकवाड म्हणाले, “आता तुमचीही झडती होणार वाटतं.”

पहिली बैठक मुंबई नाक्यापलीकडच्या एका हॉटेलात. गारठा इतका की जैवभार पेटवून शेकावं असं वाटलं. डॉ. सबनीसांनी पडद्यावर साखळीचं चित्र दाखवलं. डावीकडे शेतकरी, टोपी घातलेला, हसरा. उजवीकडे कारखाना, त्याच्या धुराड्यातून धुराऐवजी फुलपाखरं निघालेली. मध्ये एक माणूस आणि त्याच्यावर भलीमोठी लाल फुली.

“हा मध्यस्थ,” डॉक्टर म्हणाले. “ही आपल्या साखळीतली सर्वांत दुबळी कडी. ही काढायची. शेतकरी थेट संकलन केंद्रावर येईल, केंद्रातून माल थेट कारखान्यात जाईल. सगळं मोबाइलवर.”

पुढच्या चित्रात शेतकऱ्याच्या घराखाली लाल थेंब गळत होते. त्याला ‘घरगुती पातळीवरील गळती’ असं नाव होतं. काही जैवभार कुटुंबं स्वतःच वापरतात आणि तो साखळीत येतच नाही, याबद्दल डॉक्टरांनी खेद व्यक्त केला. मला कळायला जरा वेळ लागला. गळती म्हणजे बंब!

त्या दिवशी रशीदभाई नाशिकला माल खाली करून मला भेटायला हॉटेलवर आले होते. त्यांना आमंत्रण नव्हतं. जो काढायचा त्याला कोण बोलावतो? ते मागच्या दाराशी उभे. वेटरनं त्यांना कुणाचा तरी ड्रायव्हर समजून चहा दिला, तो त्यांनी घेतला. जेवणाच्या सुट्टीत मी मागे गेलो तेव्हा पडद्यावर ते चित्र तसंच होतं.

“साहेब, ती लाल फुली मारलेला कोण?” त्यांनी विचारलं.

मी गळ्यातला पट्टा खिशात सारला.

“मीच ना?” ते हसले. “मग निदान माझा फोटो तरी लावायचा. हा तर कुणीतरी दुसराच आहे, याला दाढीपण नाही.”

गंमत इथपर्यंत ठीक होती. पण मंचाशी झालेल्या करारात लिहिलं होतं की प्रकल्प एकदा पास झाला की आमच्या कारखान्यानं बुरकुंडं केंद्राकडूनच घ्यायची, दुसऱ्या कुणाकडूनही नाही. म्हणजे मंच पास झाला की रशीदभाई नापास. हे त्यांना मीच सांगितलं. ते म्हणाले, “बघू. अजून मका उभा आहे.”

संकलन केंद्र देवळ्याजवळ उभारायचं ठरलं. जागा दिली विमलताईंच्या महिला गटानं, विमलताईंच्या घराशेजारचीच. विमलताई म्हणजे धिप्पाड, खणखणीत बाई. गटातल्या साऱ्याजणींचा कांदा-मका त्यांच्या शब्दावर विकला जाई. माझ्याशी त्या मराठीत बोलत, पण रागावल्या की अहिराणीत जात, आणि त्या अहिराणीत गेल्या की समोरच्यानं घरी जावं असा तिथला रिवाज होता.

शेडचा नकाशा पुण्याहून आला. काम दिलं देवळ्यातल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याला. या गृहस्थानं उभ्या आयुष्यात कांदा साठवायच्या चाळींशिवाय दुसरं काही बांधलेलं नव्हतं. देवळ्यात शेड बांधा म्हटलं की दुसरं काय बांधायचं, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. त्यानं नकाशा घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि हाताला जे येत होतं ते बांधलं. जमिनीपासून उंच तळ, खाली हवा जायला मोकळी जागा, तळाला फटी ठेवून बसवलेल्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना जाळी, वर पुढे आलेला पत्रा. उद्घाटनाला डॉ. सबनीस त्या फटींवरून हात फिरवत म्हणाले, “नैसर्गिक वायुवीजनाचा किती सूक्ष्म विचार केलाय!” फॅब्रिकेशनवाल्यानं नम्रपणे मान खाली घातली. मलाही आनंदच झाला, हवा खेळती म्हणजे माल कोरडा. त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि तालुक्यातली सर्वांत उत्तम कांद्याची चाळ मंचाच्या नावावर लागली. हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

पहिल्या हंगामात थोडी बुरकुंडं तिथे आली आणि होळीच्या सुमाराला कारखान्यात जाऊन संपली. शेड रिकामी पडली. इकडे उन्हाळ कांदा निघाला, भाव नव्हता, जो तो कांदा साठवायच्या मागे. पुढचं मी सांगायला नको.

जूनमध्ये डॉक्टरांचा फोन आला. योहानसाहेब अंतिम पाहणीला येताहेत, केंद्र जैवभारानं भरलेलं दिसलं पाहिजे. म्हटलं, डॉक्टर, मका दिवाळीच्या आसपास निघतो. ते म्हणाले, “पण प्रकल्पाचं वर्ष जूनअखेर संपतं.” हे मक्याला कुणी कळवलं नव्हतं.

मी देवळ्याला गेलो. शेडचं दार उघडलं तर आत तळापासून छातीपर्यंत लालसर, देखणा, एकसारखा कांदा. विमलताई शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या.

“ताई, हे काय?”

“कांदा.”

“तो दिसतोय. इथे कशाला?”

“मग कुठे ठेवायचा? चाळ रिकामी होती.”

“ही चाळ नाही, ताई. हे जैवभार संकलन केंद्र आहे.”

विमलताईंनी वर पत्र्याकडे पाहिलं, खाली फटींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती.

“चाळच शे ही,” त्या म्हणाल्या. अहिराणी सुरू झाली होती. “ज्यानी बांधी त्याले इचारा.”

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी उच्चार स्पष्ट ठेवून सांगितलं की कांदा बाहेर काढा, अन्यथा प्रकल्प नापास, पत्र्यांसकट शेड दुसऱ्या गावाला हलवली जाईल. बाहेर आभाळ गच्च भरलं होतं. कांदा बाहेर काढायचा म्हणजे भिजवायचा, आणि भिजलेला कांदा म्हणजे सडलेला कांदा.

“माझा एकटीचा असता तर तुमच्यासाठी काढला असता, भाऊ,” विमलताई जरा शांत होऊन म्हणाल्या. “पण साऱ्या बायांचा माल शे हा. माझ्या शब्दावर ठेवलाय त्यांनी. भिजला तर मी कोणत्या तोंडानं त्यांच्या दारात जाऊ? कांदा काही बाहेर निंघाव नही.”

जूनमध्ये त्या पट्ट्यात बुरकुंडं फक्त एका ठिकाणी असतात. सटाण्याला रशीदभाईंच्या वखारीत, ताडपत्रीखाली. मी तिथे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं. शेडला पुढून आणि दोन्ही जाळ्यांना बाहेरून बारदानात भरलेल्या बुरकुंडांची भिंत रचायची, मागे कांदा तसाच ठेवायचा, पाहुणे बघून गेले की भिंत काढायची, अशी माझी युक्ती. बारदान आणि माल त्यांचा.

त्यांनी कप खाली ठेवला.

“साहेब,” ते म्हणाले, “माझ्याच कबरीला माझीच माती मागताय.”

मला लाज वाटली. अगदी आतून वाटली. नाही म्हणाले असते तर मी त्यांचे पाय धरले असते आणि मनातून सुटलो असतो. पण लाज वाटली तरी चहा मी पूर्ण प्यालो.

“कांदा कुणाचा म्हणालात?” त्यांनी विचारलं.

“विमलताईंच्या गटाचा.”

“मग बोलायचं काय त्यात? त्या खळ्यांवर मी अब्बांबरोबर लहानपणापासून जातोय.” त्यांनी माणसांना हाक मारली. “बारदानं भरा रे. आणि चांगली भरा, बघणारे परदेशी आहेत.” मग मला म्हणाले, “फक्त एक. तिन्ही बाजूंनी भिंत झाली की हवा बंद होईल. पत्र्याखाली कांद्याला घाम सुटतो. पाहुण्यांना सकाळीच आणा आणि लवकर घेऊन जा.”

मी म्हटलं, सकाळीच येणार आहेत.

पाहणीच्या दिवशी पहाटेच भिंत रचून झाली. समोरून बघाल तर काय रुबाब! बारदानावर बारदान, वर हिरवा कापडी फलक. विमलताई आणि गटातल्या बाया एकसारख्या साड्या नेसून उभ्या. रशीदभाई बाजूला ट्रॅक्टरच्या सावलीत, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाहीत असे.

सकाळ गेली. डॉक्टरांचा निरोप आला की वाटेत द्राक्षबागेत अभ्यासदौरा निघालाय. हा अभ्यास बाटलीत भरलेल्या द्राक्षांचा होता, हे पुढे चेहऱ्यांवरून कळलं. दुपार झाली. पत्रा तापला, हवा दमट, वारा पडलेला. विमलताई दर थोड्या वेळानं बारदानांच्या फटीतून हात आत घालायच्या आणि तो पदराला पुसायच्या. मी आयुष्यभर परक्यांच्या ढिगात हात घालून त्यांचा ओलावा तपासला. आता माझ्या ढिगात त्या हात घालत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

“घाम सुटना,” त्या माझ्याजवळ येऊन ओला हात दाखवत म्हणाल्या. “अजून किती उशीर, भाऊ?”

गाड्या आल्या तेव्हा उन्हं कलायला लागली होती. योहानसाहेबांचे गाल अभ्यासानं लाल झालेले. डॉ. सबनीसांनी बारदानांच्या भिंतीपुढे उभं राहून सुरुवात केली. मध्यस्थमुक्त साखळी, शून्य गळती, महिलांचं सक्षमीकरण. मागच्या कोंडलेल्या कांद्याचा वास शेडभर दाटला होता. योहानसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरांना वाटलं ते भारावलेत. त्यांनी भाषण लांबवलं.

विमलताईंनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि पदर खोचला.

“बस झालं. चला वं बायांनो, काढा ते.”

मी “ताई, ताई” म्हणेपर्यंत पहिलं बारदान खाली आलं. मग दुसरं. मागचा कांदा वाटच बघत होता. तो धो धो करत बाहेर आला, गडगडत गेला आणि योहानसाहेबांच्या बुटांशी जाऊन थांबला. डॉ. सबनीसांचं तोंड उघडं, त्यात वाक्य अर्धं अडकलेलं. मी फलकावरचं हिरवं पान बघत उभा राहिलो. ट्रॅक्टरच्या सावलीत रशीदभाई तोंडात रुमाल कोंबून खांदे हलवत होते.

योहानसाहेबांनी वाकून एक कांदा उचलला, डोळ्यांसमोर धरला आणि इंग्रजीत विचारलं की हे काय आहे.

विद्वत्ता कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. डॉक्टरांनी एक श्वास घेतला आणि म्हणाले की जैवभार नसतो त्या महिन्यांत ही सुविधा रिकामी राहू नये म्हणून स्थानिक महिलांनी स्वयंस्फूर्तीनं तिचा बहुउद्देशीय वापर सुरू केला आहे. हेच दाखवण्यासाठी आपण शेवटपर्यंत थांबलो होतो.

योहानसाहेबांनी कांदा हातात धरूनच टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडे म्हणे अशी केंद्रं निम्मं वर्ष ओस पडलेली असतात. त्यांनी विमलताईंबरोबर फोटो काढून घेतला. विमलताई फोटोत हसल्या नाहीत, कारण त्यांचं लक्ष मागून बारदानं उचलणाऱ्या बायांकडे होतं. जाळीतून वारा आत शिरला तेव्हा कुठे त्यांच्या कपाळावरची आठी गेली. थोडा कांदा खराब झाला, बाकी सगळा वाचला.

गाड्या गेल्यावर रशीदभाई माझ्याजवळ आले.

“पास?”

“पास.”

“म्हणजे मी गेलो,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. आपली बारदानं झटकून, मोजणी न करता त्यांनी ट्रॉलीत टाकली आणि विमलताईंना “येतो, भाभी” म्हणून सटाण्याकडे निघून गेले. मी फलकाची दोरी सोडत बसलो.

त्यानंतर लवकरच मी निवृत्त झालो. शाल, श्रीफळ आणि पांढऱ्या कोळशाच्या तुकड्यावर बसवलेलं घड्याळ मिळालं. ते घड्याळ बंद आहे. शेठना प्रमाणपत्र मिळालं, डॉक्टरांना दुसरा टप्पा. रशीदभाईंनी एक ट्रॅक्टर विकला, त्यांची काही माणसं सटाण्याच्या बाजारात कांदा भरायला गेली. हे मला दुसऱ्यांकडून कळत होतं. फोन करायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर मका निघाला. मोबाइलवर नोंदी झाल्या, केंद्राला नवा व्यवस्थापक आला. बुरकुंडं ठेवायला त्यानं शेड उघडली, तर आत कांदा. भाव चढेल म्हणून बायांनी अजून काढलेलाच नव्हता. इकडे शेतकरी फोनवर फोन करताहेत, ढीग हलवा, आम्हाला कांदा लावायचाय. केंद्राकडे ट्रॅक्टर नाही, ताडपत्री नाही, उचलायला माणूस नाही. शेवटी त्या व्यवस्थापकानं चौकशी करत करत सटाण्याला फोन लावला.

आता व्यवस्था अशी आहे. रशीदभाईंचा उरलेला ट्रॅक्टर पूर्वीसारखाच मळणीमागे फिरतो. माल त्यांच्याच वखारीत वाळतो. मग ट्रॉली उलटी देवळ्याला जाते, शेडच्या दारात उभी राहते, तिचा फोटो निघतो, मोबाइलवर नोंद होते आणि ती तशीच, माल खाली न करता, नाशिकला कारखान्यात येते. डिझेल जास्त जळतं, अहवालात वाहतूक कमी झाल्याचं म्हटलंय. केंद्र आपला वाटा कापून घेतं, रशीदभाईंच्या हातात पूर्वीपेक्षा कमी पडतं. मध्यस्थ काढायला आलेले लोक एक मध्यस्थ वाढवून गेले.

परवा रशीदभाईंनी स्वतःहून फोनवर एक फोटो पाठवला. मंचाच्या नव्या पुस्तिकेतलं पान. शेडच्या दारात त्यांची ट्रॉली, ट्रॉलीपुढे ते, डोक्यावर कुणाची तरी टोपी. खाली छापलंय, ‘मध्यस्थाविना थेट कारखान्याला माल देणारे प्रगतिशील शेतकरी’. या माणसाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही.

मी धीर करून फोन लावला.

“बघितलं का, साहेब?” ते हसत होते. “म्हटलं होतं ना, फुलीच्या जागी माझा फोटो लावा म्हणून. लावला एकदाचा.”

मी म्हटलं, “रशीदभाई, तुमच्यावर अन्याय झाला हो. आणि तो व्हायला मी हातभार लावला.”

“जाऊ द्या,” ते म्हणाले. “फोटो नीट मोठा करून बघा. डाव्या बाजूला.”

मी चष्मा लावला आणि फोटो बोटांनी मोठा केला. मंचाच्या नियमाप्रमाणे आता ढिगातलं प्रत्येक बुरकुंड नोंदवावं लागतं, घरी काही ठेवता येत नाही. फोटोच्या कडेला विमलताईंच्या घराचं दार होतं. दारात तांब्याचा बंब, आणि बंबाला लागून, मातीत पायानं ओढलेल्या रेघेच्या अलीकडे, बुरकुंडांचा ढीग.

चांगला मोठा ढीग होता.